दरायसच्या यादीतली तीन नावं

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला मुलूख दोन शब्दांत सांगतो: घाटावर आणि घाटाखाली. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड हे घाटाखालचं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं गाव. बऱ्हाणपूरकडून फौज घेऊन दख्खनच्या पठारावर चढायचं, तर डोंगरातली वाट धरावी लागते. आणि वाटेच्या तोंडाशी जे गाव असतं, त्याच्या शिवारात लढाया होतात. रोहिणखेडला अशा दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी फौजेनं खानदेशच्या नसीर खान फारुकीला इथे हरवलं. १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाची जमालखानाशी गाठ इथेच पडली, जमालखान रणात पडला आणि अहमदनगरची गादी बुऱ्हाणला मिळाली. या दोहोंच्या मधल्या काळात, १५८२ मध्ये, खुदावंदखान महदवीनं गावात एक लहानशी पण देखणी मशीद बांधली.

पहिल्या लढाईचं कारण घरातलं होतं. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याचं मन संगमेश्वरच्या राजाच्या मुलीवर जडलं. थोरली बेगम आगा झैनब हिनं बापाकडे गाऱ्हाणं नेलं. बाप म्हणजे नसीर खान. तो लेकीच्या अपमानाचं निमित्त करून वऱ्हाडात घुसला. त्याच्यावर दौलताबादहून चालून गेला खलफ हसन बसरी, मूळचा व्यापारी, पुढे बहमनी दरबारात ‘मलिक-उत-तुज्जार’ झालेला. त्यानं बरोबर दख्खनी सरदार घेतले नाहीत. घेतले ते इराण, इराक, तुर्कस्तानातून नशीब काढायला आलेले घोडेस्वार. रोहिणखेडला नसीर खानाची फौज उधळली आणि विजेत्यांनी बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटलं.

या लढाईत मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते जिंकणाऱ्या घराण्याचं नाव. बहमनी. शाळेत आपण गंगू ब्राह्मणाची गोष्ट ऐकलेली असते: घराण्याचा संस्थापक हसन हा त्याचा चाकर, धन्याच्या उपकारांची आठवण म्हणून त्यानं घराण्याला त्याचं नाव दिलं. ही गोष्ट विजापूर दरबारच्या फिरिश्त्यानं लिहिली आणि ती लोकांना आवडली. इतिहासकार मात्र ती मानत नाहीत. १३४७ मध्ये गादीवर बसलेल्या हसननं आपला वंश सांगितला तो इराणच्या दंतकथेतल्या बहमन राजाशी, इस्फंदियारच्या मुलाशी. हा बहमन फिरदौसीच्या ‘शाहनामा’त भेटतो. इराणी परंपरा त्यालाच अर्दशीर म्हणते आणि ‘लांब हाताचा’ असं बिरूद लावते. आणि नेमकं हेच बिरूद ग्रीक लेखकांनी एका खऱ्याखुऱ्या सम्राटाला लावलेलं आहे: इ.स.पू. ४६५ ते ४२४ या काळात इराणवर राज्य करणाऱ्या पहिल्या आर्टाक्सर्क्सीझला. म्हणजे वऱ्हाड, बीदर, गुलबर्गा यांच्यावर राज्य करणारं घराणं ज्या पूर्वजाची आण घेत होतं, त्याच्या धूसर चेहऱ्यामागे हखामनी साम्राज्याचा एक सम्राट उभा आहे. रोहिणखेडच्या शिवारात ज्यांचं निशाण फडकलं, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

कारण इराण आपलं हे पहिलं साम्राज्य विसरला होता. कुरुश, पहिला दरायस, झर्क्सीझ ही नावं फारसी कथांमधून पुसली गेली होती. पर्सेपोलिसच्या भग्न महालाला लोक तख्त-ए-जमशीद म्हणत, आख्यायिकेतल्या जमशीद राजाचं सिंहासन. साम्राज्याच्या शेवटाची आठवण तेवढी उरली होती, तीही किती बदलून! ‘शाहनामा’त बहमनचा मुलगा दाराब. दाराबची दोन मुलं: एक दारा, आणि दुसरा, मॅसिडोनियाच्या राजकन्येच्या पोटी जन्मलेला सिकंदर. ज्यानं देश जिंकून महाल जाळला, त्याला कथाकारांनी पराभूत राजाचा सावत्र भाऊ करून टाकलं. मरणाऱ्या दाराचं डोकं सिकंदर मांडीवर घेतो. पराभव पचवण्याची याहून मोठ्या मनाची रीत मला दुसरी माहीत नाही.

रोहिणखेडच्या दोन्ही लढायांची हकीकत सांगणारा फिरिश्ताही त्याच जगातला. कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा त्याचा जन्म. लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आला, पुढे विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहून त्यानं हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. त्यात सिकंदर आणि ‘फूर’, म्हणजे पोरस, यांच्या झुंजीची गोष्टही आहे. अस्तराबादचा तो परिसर ग्रीकांना हिर्केनिया म्हणून माहीत होता. इ.स.पू. ३३० मध्ये तिसऱ्या दरायसचं, म्हणजे कथेतल्या दाराचं, प्रेत पाहिल्यावर सिकंदर तिथेच गेला आणि दरायसच्या पदरचे भाडोत्री ग्रीक सैनिक तिथेच त्याला शरण आले. फिरिश्त्यानं सिकंदराची कथा पुस्तकातून घेतली. ती जिथे घडली त्या मातीत तो जन्मला होता.

आता खरं काय घडलं ते पाहू.

इ.स.पू. ५५० च्या सुमारास पार्सच्या डोंगराळ मुलखातला एक मांडलिक राजा, कुरुश, आपल्या मीड धन्यावर उलटला आणि जिंकला. चारेक वर्षांत त्यानं आजच्या तुर्कस्तानातलं लिडिया घेतलं, ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं. मुलानं, कंबुजियानं, ५२५ मध्ये इजिप्त जोडलं. एवढ्या जलद उभ्या राहिलेल्या राज्याचे तुकडेही तितक्याच जलद व्हायला हवे होते, आणि ५२२ मध्ये ते होऊ लागलेही. त्या वर्षी गादीवर आलेल्या दरायसच्या सांगण्याप्रमाणे त्याला एका वर्षात १९ लढाया कराव्या लागल्या आणि नऊ राजे पकडावे लागले. हे त्यानं पश्चिम इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर, माणसाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, तीन भाषांत कोरून ठेवलं. सुरुवातीलाच आपल्या ताब्यातल्या २३ देशांची यादी दिली. त्या यादीत बाबिलोन आहे, इजिप्त आहे, गांधार आहे. आणि त्यात ही तीन नावं आहेत: यौन, पार्थव, सक. यौन म्हणजे एजियन समुद्राच्या काठचे ग्रीक, पार्थव म्हणजे ईशान्य इराणातले पार्थियन, सक म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ माळावरचे घोडेस्वार. ही तीन नावं लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला नाशिकला भेटणार आहेत.

पुढे दरायसनं सिंधूचं खोरंही घेतलं. हेरोडोटस सांगतो की साम्राज्यात सर्वांत जास्त खंडणी हिंदुस्थानच्या सुभ्याची होती, वर्षाला ३६० टॅलेंट सोन्याची रज. तोच लेखक नवलानं सांगतो की तिथल्या काही रानटी झाडांना लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस असते आणि हिंदी लोक तिचे कपडे करतात. ४८० मध्ये झर्क्सीझ ग्रीसवर चालून गेला, तेव्हा त्याच्या सैन्यात वेताची धनुष्यं घेतलेले हिंदी तिरंदाज हेच कपडे घालून होते. ज्यांची हयात कापूस वेचण्यात आणि खामगावच्या बाजारात गाड्या नेण्यात गेली, त्या आपल्या वऱ्हाडी पूर्वजांना एका ग्रीक माणसाचं हे आश्चर्य ऐकायला मिळायला हवं होतं.

या साम्राज्याचा खरा पराक्रम मात्र लढाईतला नव्हता, कारभारातला होता. प्रत्येक सुभ्यावर एक क्षत्रप. सार्डिसपासून सुसापर्यंत राजरस्ता. हेरोडोटसनं त्यावरचे १११ मुक्काम मोजले आणि पायी ९० दिवसांचा प्रवास सांगितला. दफ्तराचं काम अरामी लिपीत, मग सुभा इजिप्तचा असो की गांधारचा. पर्सेपोलिसला १९३३-३४ मध्ये मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांवर युद्धाचं अक्षर नाही. कुणाला किती धान्य, किती दारू, बाळंतिणीला किती वाढीव शिधा, हिंदुस्थानकडून आलेल्या प्रवाशांना वाटेत किती पीठ, याच्या नोंदी आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी सिंधूकाठचा माणूस हजारो मैल चालत जात होता आणि प्रत्येक ठाण्यावर शिक्का दाखवून जेवत होता. हे वाचलं की लढायांच्या तारखा मला फिक्या वाटू लागतात.

मॅसिडोनियाही याच पसाऱ्याच्या कडेवर होता. दरायसच्या थडग्यावरच्या यादीत ‘ढालीसारखी टोपी घालणारे यौन’ असा एक लोकसमूह आहे. बरेच अभ्यासक त्यांना मॅसिडोनियन मानतात. सिकंदराच्या पूर्वजांनी इराणचं मांडलिकत्व पत्करलेलं होतं. म्हणजे साम्राज्य बुडवणारा बाहेरून आला असं म्हणतात तेही अर्धंच खरं. तो यादीतूनच आला.

पुढचं आपल्याला थोडंफार माहीत असतं. ३३४ मध्ये सिकंदर आशियात उतरला. ग्रॅनिकस, मग ३३३ मध्ये इसस. १ ऑक्टोबर ३३१ ला गॉगमेला, जिथे तिसऱ्या दरायसच्या बाजूनं हिंदी घोडेस्वार आणि पंधराएक हत्तीही उभे होते. बाबिलोनचे ज्योतिषी रोज रात्री आकाश पाहून मातीच्या पाटीवर टिपून ठेवत; त्या पाट्यांवर ग्रहणाच्या नोंदीबरोबरच राजाची फौज त्याला सोडून गेल्याचीही नोंद आहे. ३३० च्या प्रारंभी पर्सेपोलिस पडलं. खजिन्यात १,२०,००० टॅलेंट सापडल्याचं ग्रीक लेखक सांगतात. एक टॅलेंट सुमारे २६ किलो, म्हणजे तीन हजार टनांहून जास्त चांदीच्या मोलाचा ऐवज. तो हलवायला वीस हजार खेचरं आणि पाच हजार उंट लागले, असं प्लुटार्क म्हणतो. मग महालाला आग लागली. झर्क्सीझनं अथेन्स जाळलं त्याचा हा सूड, असं कुणी म्हणतं. मद्याच्या धुंदीत एका गणिकेनं चेतवलं, असं दुसरं कुणी. कारण कोणतंही असो, ७२ खांबांच्या दरबाराचं लाकडी छत कोसळलं आणि राहिले ते दगडी खांब. आज त्यांपैकी १३ उभे आहेत.

सिकंदरानं महाल जाळला, पण कारभार जाळला नाही. तो जाळून त्याचं एक दिवस भागलं नसतं. बाबिलोनवर त्यानं क्षत्रप नेमला तो माझियस, गॉगमेलाला त्याच्याशीच लढलेला इराणी सरदार. पंजाबात आला तेव्हाही सुभे आणि क्षत्रप नेमतच आला. ३२६ मध्ये बियासच्या काठी सैन्यानं पुढे जायला नकार दिला. ३२३ च्या जूनमध्ये तो बाबिलोनला वारला. त्या दिवशीच्या पाटीवर राजा मेल्याची आणि आभाळात ढग असल्याची, दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत. त्याच्यामागे सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, तेही क्षत्रपांच्या सुभ्यांनुसार. माझं मत असं झालं आहे की मॅसिडोनियन विजय ही हखामनी साम्राज्याची अखेर म्हणून शिकवणं अपुरं आहे. विजेते त्याच गाडीत बसले आणि ती आणखी पूर्वेला, आणखी दक्षिणेला हाकत आले. ती कुठवर आली, हे पाहायला सह्याद्रीत जावं लागतं.

कामशेतजवळ बेडशाची लेणी आहेत. चैत्यगृहासमोरच्या ओवरीतले उंच खांब पाहा. खांबाच्या माथ्याशी पाकळ्या खाली झुकलेल्या कमळासारखी घंटा, तिच्यावर चौरस थर, आणि सर्वांत वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी: घोडे, बैल, हत्ती. पर्सेपोलिसच्या खांबांवर असेच पाठीला पाठ लावलेले बैल छताची तुळई पेलत होते. तिथे ती घंटा खांबाच्या पायाशी असे. भारतीय कारागिरांनी ती उचलून माथ्यावर नेली. नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही. ज्याला दगडाची जाण आहे त्यालाच सुचतं. आणि बेडशाच्या प्राण्यांवर माणसं बसली आहेत, सैलावलेली, हसरी जोडपी. पर्सेपोलिसला एवढी मोकळीक कुठेच दिसत नाही. तिथे सगळे रांगेनं खंडणी घेऊन चाललेले आहेत. पर्सेपोलिस जळाल्याला तेव्हा दोनेकशे वर्षं होऊन गेली होती. ज्या काळात इराण स्वतःचा तो महाल विसरायला लागला, त्या काळात मावळातले पाथरवट त्याच्या खांबांचं रूप बेसाल्टमध्ये कोरत होते. मधला दुवा अशोकाच्या काळातला: स्तंभांवरची घंटाशीर्षं, आरशासारखी झिलई, आणि राजानं आपलं म्हणणं खडकावर कोरून प्रजेला ऐकवण्याची चाल. ती चाल सोपाऱ्यापर्यंत आली. तिथला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उजेडात आणला.

बेडशाच्या जवळच कार्ले. तिथल्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट इथल्या ‘यवनां’नी दान दिल्याचं त्या खांबांवरच कोरलेलं आहे. यवन, म्हणजे दरायसचे यौन, आणि ते इथे बौद्ध उपासक झालेले. कार्ल्याजवळून जाणाऱ्या रस्त्यावरून एकेकाळी हेन्री रॉलिन्सन नावाचा मुंबई फौजेतला तरुण अधिकारी पैज लावून पुण्याहून पनवेलपर्यंत घोडा फेकत गेला होता. फारसी तो मुंबई इलाख्यातच शिकला. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर १८३५ पासून त्यानं जिवावर उदार होऊन बेहिस्तूनचा कडा चढून दरायसचा लेख उतरवला. सर्वांत अवघड भाग एका कुर्द पोरानं भेगांत मेखा ठोकत, लोंबकळत जाऊन ओल्या कागदावर उमटवून आणला. त्या लेखामुळे कुरुश आणि दरायस जगाला पुन्हा त्यांच्याच शब्दांत ऐकू आले.

आणि आता नाशिक. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, क्षहरात घराण्यातल्या शक राजाची. त्याचा जावई उषवदात, त्याची मुलगी दक्षमित्रा यांचे दानलेख नाशिकच्या लेण्यांत आहेत; लेखांत नहपानाचं पद आहे क्षत्रप. इराणी सम्राटाच्या सुभेदाराचं पद, सहाशे वर्षांनी, गोदावरीच्या काठी! नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, बऱ्याच नाण्यांवर बिघडून वळणं तेवढी राहिलेली. दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. खरोष्ठी ही त्याच अरामी लिपीतून घडलेली, जी हखामनी कारकुनांनी गांधारला आणली. नखाएवढ्या चांदीच्या चकतीवर हरलेल्या साम्राज्याची लिपी, जिंकणाऱ्यांची लिपी आणि आपली लिपी एकत्र आहेत. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच, गौतमीपुत्र सातकर्णीनं चैत्याचं आणि उज्जैनी चिन्हाचं ठसठशीत छापकाम करून घेतलं आहे. सातवाहनांनी महाराष्ट्र परत घेतल्याची ती पावती.

त्या विजयाचं वर्णन गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात कोरवून घेतलं. नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा लेख. मुलगा हयात नाही, आणि वृद्ध आई तो कसा होता ते सांगते आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती सांगते. त्यानं ज्या देशांवर राज्य केलं त्यांची नावं देते. त्यात अपरांत आहे, मुळक आहे, आणि विदर्भ आहे, रोहिणखेडच्या घाटाखालचा आणि घाटावरचा मुलूख ज्यात येतो तो विदर्भ. आणि त्यानं कुणाचा नाश केला हेही सांगते: शक, यवन आणि पल्हव, म्हणजे दरायसचे पार्थव. बेहिस्तूनच्या कड्यावर दरायसनं आपली प्रजा म्हणून जे लोक मोजले, त्यांतले तिघे तीन हजार किलोमीटर दूर, साडेसहाशे वर्षांनी, मराठी मुलखातल्या एका आईच्या लेखात शत्रू म्हणून उभे आहेत. वंश मिसळले होते, भाषा बदलल्या होत्या, कार्ल्याच्या यवनांची नावं प्राकृत झाली होती. तरी तिघांचीही नावं ओळखू येतात.

त्यांचा नाश मात्र झाला नाही. नहपानाचं घराणं संपलं, पण कार्दमक घराण्यातले क्षत्रप उज्जैनहून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत राज्य करत राहिले, आणि सातवाहनांनी त्यांच्याशी सोयरीक केली. मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत सतेरक नावाच्या अमात्यानं पाण्याची पोढी खोदवली. तिच्यावरच्या मोडक्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे: ती कार्दमक राजांच्या कुळात जन्मलेली, महाक्षत्रपाची मुलगी. लेखात राणीचं स्वतःचं नाव शिल्लक राहिलेलं नाही. तिच्या बापाच्या नावाचं पहिलं अक्षर ‘रु’ तेवढं उरलं आहे, आणि त्याच्या आधी, पूर्ण आणि स्वच्छ वाचता येणारं, त्याचं इराणी पद.